समोरचा संघ

उमरगा,
१२ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून पत्र. तुझी आई गेल्यापासून रविवारची फुटबॉल लीग हाच माझा आधार. तीच आता बसत चाललीय. आठ संघ, वीस रुपये तिकीट आणि सामना जिंकेल त्याला त्या दिवसाचा सगळा गल्ला, हा नियम माझाच. आपल्या गुंडाप्पाचे ट्रक वाढले तसे त्यानं स्वतःच्या संघात हैदराबादहून पाच खेळाडू आणले, बेंबळीच्या संघाचा गोलकीपरही उचलला. गेल्या रविवारी त्यांनी बेंबळीला अकरा-शून्य हरवलं. मध्यंतरालाच लोक उठून गेले. पूर्वी आठशे माणूस यायचं, त्या दिवशी साठ. लीगमध्ये पैसा कसा वाटला जातो यावरच तुझा तिकडे अभ्यास चाललाय, काही सुचतं का? वेळेवर जेवतेस ना?

वाट पाहणारा,
अण्णा

लिव्हरपूल,
५ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस सा. न.

पत्र दोनदा वाचलं. इथं आठवडा आठवडा मराठी बोलणं होत नाही. अण्णा, शेजारचं दुकान बंद पडलं तर दुकानदाराचा फायदा होतो. संघाचं तसं नाही. समोरचा संघ बुडाला की आपलंही तिकीट खपत नाही. म्हणून इथं सामने टीव्हीवर दाखवण्याचे जे पैसे मिळतात, त्यांचा मोठा भाग सगळ्यांना सारखा देतात. तरी बडे संघ पुढंच राहतात, कारण युरोपातल्या स्पर्धांचा पैसा त्यांनाच मिळतो. पण तळचे निदान उभे राहतात. तुम्ही निम्मा गल्ला आठांत सारखा वाटून बघा. गुंडाप्पाकाका रागावतील, पण तीस वर्षांची मैत्री आहे तुमची. गोळ्या चुकवू नका.

तुमची,
नंदू

उमरगा,
२३ मार्च २०२५

चि. नंदूस आशीर्वाद.

बैठकीत तुझं म्हणणं मांडलं. माझ्या कष्टाचं दुसऱ्याला का, असं म्हणून गुंडाप्पा संघ घेऊन निघून गेला. रोज सकाळी चहाला यायचा, तेही थांबलं. महिनाभर या घरात बोलायला कुणी नव्हतं. बाकीचे सात संघ खेळत राहिले. सामने अटीतटीचे व्हायला लागले, तसं पुन्हा तीनशे माणूस जमू लागलं.

गेल्या सोमवारी तो आला. सामनेच नाहीत म्हणून हैदराबादची पोरं परत गेली होती. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "मास्तर, वाटा निम्मा गल्ला. पण आमच्यासमोर खेळायला कुणीतरी द्या."

आज त्याचा संघ बेंबळीकडून दोन-एकनं हरला. शेवटच्या मिनिटापर्यंत कुणी जागचं हललं नाही. हरूनही गुंडाप्पा हसत घरी गेला. मी कुलूप काढून आत आलो, आणि एवढा सामना कुणाला सांगावा ते कळेना. म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुझा,
अण्णा