काकूंचे सुधारित उत्तर

इंदिरानगर, नाशिक
१४ मार्च २००१

चि. वेदिका हिस,

अनेक आशीर्वाद. येथील हवामान उत्तम. घराविषयी ओघाने येईलच.

नाशिक जिल्ह्यातील दूरचित्रवाणी-प्रेक्षकांवरील तुझा प्रबंध माझ्या सहीच्या प्रतीक्षेत मेजावर निद्रिस्त आहे. शुक्रवारी तो विद्यापीठात दाखल न झाल्यास तुझे अधिव्याख्यातापद हुकेल, याची मार्गदर्शक या नात्याने मला संपूर्ण जाणीव आहे.

आपला मतभेद पुरातन. तू नांदगावापासून ओझरपर्यंत घरोघर हिंडून विचारतेस: कोण, काय, किती वेळ पाहतो? मी आरामखुर्चीत बसून विचारतो: या पेटीमुळे कोणाचे हित साधते, कोणाची वाचा जाते? "सर, तुम्ही प्रेक्षकाला कधी भेटलाच नाहीत," असे तू म्हणालीस. मी म्हणालो, "आणि तू मोजतेस, पण कारण विचारत नाहीस." म्हणून 'का पाहता?' हा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत मीच घालायला लावला आणि चाचणीसाठी तुला माझ्याच घरी धाडले. आत्मघात असा विद्वत्तापूर्ण असावा.

मी आतल्या खोलीत होतो. भिंतींना कान असतात ही लोकश्रुती. त्या दिवशी ते माझे होते.

"काकू, मालिका का बघता?"

"अगं, मालिका कोण बघतंय? हे घरात आले की मी आवाज वाढवते."

"का बरं?"

"लग्न झाल्यापासून एकच व्याख्यान ऐकतेय. टीव्हीत निदान मध्ये जाहिराती तरी असतात."

"लिहू हे?"

"लिही की! हे थोडंच दुसऱ्याचं वाचतात?"

दोघी खळखळून हसलात. पुढे चर्चासत्रात तू ते उत्तर नाव न घेता वाचलेस. 'इंदिरानगरातील एक प्राध्यापकपत्नी' म्हणताच सभागृह माझ्याकडे वळून हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. तुझ्या मापनपद्धतीत त्याची नोंद झाली नसावी.

तेव्हापासून मी अनुभववादी झालो आहे. दूरचित्रवाणी संच माळ्यावर टाकला आणि प्रयोग आरंभला: रोज संध्याकाळी तुझ्या काकूस, मोहिनीस, समोर बसवून माझा समीक्षाग्रंथ मोठ्याने वाचतो. प्रथम ती भांडली. मग रडली. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली. मी तेथे खुर्ची नेली. आता ती नुसती बसते. निष्कर्ष: दूरचित्रवाणीने वाचा जाते, हा माझा सिद्धान्त अपुरा होता. ती दूरचित्रवाणीविनाही घालवता येते.

काल तिने आपण होऊन उत्तर सुधारले. "वेदिकाला लिहा, करमणूक म्हणून बघते. पोरीची नोकरी घालवू नका." हे ती माझ्याकडे न पाहता म्हणाली; वस्तुनिष्ठता म्हणतात ती हीच असावी.

तेव्हा प्रबंधातून जुने उत्तर गाळ, हे घाल आणि सही घेऊन जा; संचही माळ्यावरून उतरेल. तुला सत्याचाच आग्रह असेल, तर तोही आदरणीय आहे. मात्र ग्रंथाचे आणखी दोन खंड शिल्लक आहेत आणि श्रोता एकच.

काकूंनीही आशीर्वाद कळवले असते. परंतु हल्ली त्यांची उत्तरे मीच देतो.

तुझा मार्गदर्शक,
वामन खैरनार