अकरा माणसांचा तंबू

तीर्थस्वरूप दादा,

धाकटीचा नमस्कार घे. पत्रातला नमस्कार कागदावरच करायचा असतो याचं मला आज प्रथमच बरं वाटतंय, कारण गेले कित्येक दिवस माझी कंबर कुठल्याच दिशेला वाकायला तयार नाही. (का, ते पुढे येईल. पत्र लांब आहे, चष्मा पुसून बस.) तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? गोळ्या आपणहून घेतोस का, की वहिनींनी पाण्याचा पेला समोर धरून उभं राहायचा रिवाज अजून चालू आहे? वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो हे कळलं, बरं वाटलं. आम्ही दोघं मजेत. यांचं फॅक्टरीत मोजमापाची यंत्रं तपासायचं काम चालू आहे. म्हणजे दिवसभर हे यंत्रांच्या चुका काढतात आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या.

आता मुद्द्यावर येते. दादा, मी एक वस्तू पूर्ण केली. होय, तीच मी, जिचा एका बाहीचा स्वेटर तू अजून पाहुण्यांना दाखवतोस, जिच्या भरतकामातल्या मोराला बावीस वर्षं पाय नाहीत आणि जिची पेटी चौथ्या धड्यावर बंद पडली. मी तंबू शिवला. खेळण्यातला नाही. माणसं उभी राहतील असा, खांब आणि खुंट्या आणि दोऱ्यांसकट. आणि तो उभा राहिला. एवढंच लिहून थांबले असते तरी चाललं असतं, पण तू म्हणशील "थापा मारतेय", म्हणून सगळं सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान आहे, तिथे मी सकाळची जाते हे तुला माहीत आहे. पुढे काउंटर, त्यामागे कागदी बिल्ले लावलेल्या कपड्यांच्या रांगा, डावीकडे सदैव फुसफुसणारी वाफेची इस्त्री, आणि सगळ्यात मागे खिडकीपाशी माझं टेबल. मी बटणं लावते, उसवलेलं शिवते, लांब पँटी आखूड करते. (आखूड पँटी लांब करून मागणारेही येतात. त्यांना मी मालकीणबाईंकडे पाठवते.) मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या असल्यामुळे त्या बोलतात कमी, आणि मला इथली भाषा कामापुरतीच येते, त्यामुळे आमचं फार छान जमतं.

तर या दुकानात वर्षभरापूर्वी एका हॉटेलचं छत धुवायला आलं होतं. दारापुढे ऊन अडवायला बांधतात ना, तसलं. जाडजूड कापड, पिवळे-पांढरे हातभर रुंदीचे पट्टे. छत धुऊन, वाळवून, घडी घालून तयार, आणि तेवढ्यात हॉटेलच बंद पडलं. न्यायला कोणी येईना. तो गठ्ठा माझ्या खुर्चीमागे पडून होता आणि मी रोज त्याला पाठ टेकून शिवत होते. याच सुमाराला यांना पाच दिवसांची सुटी मंजूर झाली. इथे सुटी मिळाली की लोक उठतात आणि तंबू घेऊन कुठल्यातरी तळ्याकाठी जाऊन झोपतात. आम्ही दुकानात तंबू बघायला गेलो. हातात घेतला तर वजनच लागेना. छत्रीचा धाकटा भाऊ. मी यांना म्हटलं की असला तंबू विकत घेण्यापेक्षा मी घरी शिवीन. हे माझ्याकडे बघून फक्त "हं" म्हणाले. दादा, तो "हं" तू ऐकायला हवा होतास. तू स्वेटरवर हात ठेवून जसा म्हणतोस, अगदी तस्साच.

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंकडे ते छत मागितलं. त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या (हे फार क्वचित होतं) आणि सांगितलं की खुशाल ने, आणि दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा मोठ्या मशीनवर शिवत जा. मी इस्त्रीच्या कागदाचा टीचभर तंबू करून पाहिला, मापं काढली, जमिनीवर कापड पसरून बेतलं. ह्यांनी त्या मापांवरून तीन पानं गणित केलं, वाऱ्याचे बाण काढले आणि लाल पेन्सिलीने निष्कर्ष लिहिला की मध्यम वाऱ्यात हा तंबू पडेल आणि जोराच्या वाऱ्यात तो पडायलासुद्धा जागेवर नसेल. तो कागद मी मशीनसमोर टाचून ठेवला. रागाच्या भरात माझी टीप सरळ येते.

शिवण दुहेरी घालायची हे मालकीणबाईंनी शिकवलं. कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि वरून दोनदा टीप मारायची, म्हणजे ताण दोऱ्यावर न येता कापडावर येतो. दोऱ्याला आधी मेण चोळायचं. ऐकायला सोपं आहे. पण कापड एवढं अवजड की शिवताना ते मला बाजूला ढकलून खुर्चीवर बसू पाहत होतं. दोनदा सुई मोडली. तिसऱ्या दिवशी शिवण इतकी सुरेख चालली की थांबवेना, आणि शेवटाला पोचले तेव्हा लक्षात आलं की खाली पडलेल्या एका कोटाची बाहीही तंबूबरोबर शिवली गेलीय. कोट एका बँडवाल्या गृहस्थांचा होता. सोनेरी काठाचा. आणि बँडवाले काउंटरशी उभे होते, कारण सहाला त्यांचा कार्यक्रम होता. त्यांना इतकी घाई की त्यांनी तसाच कोट अंगात चढवला. मग ते स्टुलावर बसले, डावा हात तंबूत आणि उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे, आणि मी त्यांच्या पायाशी बसून एकेक टाका उसवला. चव्वेचाळीस टाके. माणूस मोठा शांत. विसाव्या टाक्याला त्यांनी विचारलं की हे काय शिवताय, आणि तिसाव्याला त्यांनी मला तळ्याकाठच्या मैदानाचा पत्ताही सांगितला. तिथे जायचं ते त्यांच्याच सांगण्यावरून ठरलं.

चारी बाजू जोडून झाल्या त्या दिवशी मी तंबू कपड्यांच्या सळईला टांगला, खालून आत शिरले आणि उजेडात एकेक शिवण तपासली. कुठे टाचणीएवढं भोक नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर येऊन मी मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी चारी बाजूंनी फेरी मारली, पुन्हा एकदा मारली, टाचण्या काढल्या आणि विचारलं, "आत जायचं कुठून?"

दादा, दार नव्हतं. सगळं मोजलं होतं, सगळं बेतलं होतं, फक्त दार राहिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, झालं, हाही गेला मोराच्या वाटेने. एक सांगते, तू चिडवतोस त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण मी स्वतःला चिडवते ते लागतं. मालकीणबाईंनी मोठी कात्री घेतली आणि पुढच्या बाजूच्या पिवळ्या पट्ट्यात मधोमध वरून खालपर्यंत सरळ रेषा कापली. मला बघवेना. मग मला कात्री देत त्या म्हणाल्या, "कापल्याशिवाय दार कसं होणार? आता काठ शिव." दोन दुपारी मी काठ शिवत होते.

तंबूचं वजन आमच्या दोघांच्या बॅगांपेक्षा जास्त भरलं. बसमधून उतरल्यावर मैदानापर्यंत अर्धा तास चालायचं होतं. सामान हातगाडीवर घालून ह्यांनी ओढलं, मी मागून ढकललं, आणि माझी कंबर गेली ती तिथेच. मैदानाची व्यवस्था बघणारे गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होते. आमचे पट्टे उलगडले तसे ते धावत आले आणि शिट्टी वाजवून सांगू लागले की मैदानात दुकान टाकायला परवानगी नाही. त्यांना हा तंबू आहे हे पटवण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी आम्हाला तळं दिसेल अशी जागा न देता सगळ्यात मागे, संडासाच्या भिंतीला लागून जागा दिली. तंबू उभा केला, मी दाराशी खुर्ची टाकून जरा बसले, तर पाच मिनिटांत समोर एक कुटुंब रांग लावून उभं. त्यांना आइसक्रीम हवं होतं. हे तेवढ्यात आत जाऊन झोपेचं सोंग घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तळ्याच्या पलीकडे आभाळ जांभळं झालं. इथे वादळाला पावसाची सोबत लागत नाही, नुसता वाराच येतो. आधी वाळत घातलेले टॉवेल गेले. मग पहिला तंबू उठला. अगदी शांतपणे उठला, गडगडत गेला आणि तळ्यात जाऊन बसला. मग दुसरा, मग एकदम चार-पाच. माणसं आपापले तंबू धरून त्यांच्यामागे फरफटत चाललेली. आमच्या समोरच्या तंबूत काठी घेऊन चालणाऱ्या एक आजी एकट्याच होत्या, मुलगा-सून होडीचं बघायला गेलेली. तो तंबू उडाला नाही. तो त्यांच्या अंगावर बसला. आतून काठी हलताना दिसत होती आणि हाका ऐकू येत होत्या. मी धावले (कंबरेचं तेव्हा मला आठवलंच नाही), चेन ओढली तर ती दातात कापड धरून बसलेली. हे ओरडले की तंबू दुसऱ्याचा आहे. मी पिशवीतली कात्री काढली आणि वरून खालपर्यंत सरळ रेषा कापली. आजी बाहेर आल्या त्या आधी मला बिलगल्या आणि मग काठी मागू लागल्या.

त्यांना आमच्या तंबूत आणलं आणि मग बाकीचेही येऊ लागले. आइसक्रीमवालं कुटुंब आलं, तिघं. होडीवरून परतलेली आजींची मुलगा-सून आली. एक तरुण जोडपं आलं. सगळ्यात शेवटी शिट्टीवाले आले, टोपी गेलेली, शिट्टी तेवढी शाबूत. मधला खांब ह्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि मी पाठ भिंतीच्या कापडाला लावून उभी होते. कापड फुगत होतं, ताणत होतं, दोऱ्या करकरत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर एकच शिवण, उजव्या कोपऱ्यातली, सुई मोडली होती ती. ती उसवली असती तर सगळंच गेलं असतं. मी तिच्यावरची नजर काढली नाही. पाऊण तासाने वारा पडला. एक टाका हलला नव्हता, दादा. (संडासाच्या भिंतीने थोडा वारा अडवला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच भिंतीच्या आडोशाला आणखी दोन तंबू होते आणि त्यांतला एक दुसऱ्या दिवशी झाडावर सापडला.)

ह्यांनी खांब सोडला, हात झटकले आणि बराच वेळ ती उजवी शिवण बोटांनी चाचपत राहिले. मग मला म्हणाले, "माझं गणित बरोबर होतं. तुझी शिवण मी त्यात धरलीच नव्हती." लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढं लांबलचक कौतुक पहिल्यांदाच झालं.

मग काय विचारतोस. आत आम्ही दोघं धरून अकरा माणसं, कोणाला हलवेना. आजींनी माझा हात धरून ठेवलेला. शिट्टीवाले एकेका शिवणीवरून बोट फिरवत हिंडले आणि शेवटी त्यांनी विचारलं की असे दोन तंबू मैदानासाठी शिवून द्याल का, आणि पट्टे असेच हवेत, लांबून दिसतात. आजींच्या सुनेलाही एक हवाय. मी कापलेल्या तंबूबद्दल माफी मागायला गेले, तर ती म्हणाली की तो तिने जपून ठेवायचं ठरवलंय. परतताना बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि गठ्ठा त्याने स्वतः वर चढवला. सगळ्या मैदानाने हात हलवून निरोप दिला. शिट्टीही वाजली.

तर अशी तुझी बहीण आता तंबूवाली झाली आहे. वहिनींना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तू प्रकृतीला जप. इतकं वाचलंस, आता जरा पाय मोकळे कर.

तुझी,
धाकटी

ता. क. एक छोटीशी गोष्ट लिहायची राहिली. मालकीणबाई महिनाअखेर दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाताहेत आणि मोठं मशीन आधीच दुसरीकडे गेलं. हातात तीन तंबूंचं काम आणि मशीन नाही. तेव्हा आईचं जुनं काळं मशीन मला देशील का? नुसतं वरचं डोकं हवं, पाय आणि लाकडी झाकण तुला राहू दे. आई गेल्यावर ते तू ठेवून घेतलंस तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला तरी कुठे खात्री होती की मी त्यावर काही शिवेन. आता आहे. तू मोठा आहेस, तुझ्या परवानगीशिवाय मी त्याला हात लावणार नाही.

ता. क. २. वरची शेवटची ओळ लिहून झाल्यावर वहिनींचा फोन आला, आणि त्या म्हणाल्या की निदान पत्रात तरी खरं लिहा. तेव्हा खरं लिहिते. यांच्या फॅक्टरीतले एक गृहस्थ सुटीवर तिकडे आले होते. मागच्या मंगळवारी तू बँकेत गेला होतास तेव्हा ते वहिनींकडे चहाला येऊन गेले. मशीन शुक्रवारी इथे पोचलं, तेलपाणी केलं, मांजरासारखं गुरगुरतंय. तुझ्या खोलीत ज्या झाकणावर तू रोज पेपर आणि चष्मा ठेवतोस, त्याच्याखाली सध्या वहिनींचे दोन जुने कुकर आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, योजना सगळी माझी. फक्त परवानगीचं तेवढं लवकर कळव. ती आल्यावरच पहिल्या तंबूची चौथी बाजू जोडायची असं मी अगदी मनापासून ठरवलं होतं, पण आज सकाळी तीही जोडून झाली.