मामांचा आवडता शब्द

मंगळवार, १२ मार्च

ती. मामा यांस,

नमस्कार. पत्राची सुरुवात नमस्काराने करावी असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिला. आईचा गुडघा बरा आहे. खोक्यांची मोठी ऑर्डर काल गेली. आपल्यात एका जिन्याचं अंतर आहे, पण तुम्ही समोर आलात की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

तुमचा शब्द बिनचूक लिहावा म्हणून डिक्शनरी उघडली. अ‍ॅडजस्ट: जुळवणे, नीट बसवणे, सवय करून घेणे. तुमचे अर्थ त्यात सापडले नाहीत. बाबा गेल्यावर तुम्ही आम्हाला वरची खोली दिलीत, आतले पुठ्ठ्याचे गठ्ठे मात्र तसेच ठेवलेत. तेव्हा अ‍ॅडजस्ट म्हणजे उपकार विसरू नका. माझी शाळा सुटली, तेव्हा तोच शब्द म्हणजे गप्प बस. खाली कारखान्यात माझ्याबरोबर राबणाऱ्या लंबूने जेवायला सुट्टी मागितली, तेव्हा उभ्याने खा.

मग कटिंग मशीनमध्ये रुंद पुठ्ठा जाईना. तुम्ही स्वतः पान्याने पात्यापुढची जाळी काढलीत. "अ‍ॅडजस्ट केलंय, चालू करा." त्याच दुपारी लंबूची दोन बोटं गेली. तो दवाखान्यात पोचायच्या आत तुम्ही मशीन पुसून जाळी परत बसवलीत.

आणि काल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "फॅक्टरी इन्स्पेक्टर आले की जाळी लंबूनेच काढली म्हण. घरातलाच आहेस, अ‍ॅडजस्ट कर."

लंबूला भेटून आलो. डाव्या हाताने बटणं लावायला शिकतोय. मला म्हणाला, "अर्धी बटणं लावून आलो तर तुझे मामा कामावर घेतील का रे?" मला हसवायला म्हणाला. मला हसू आलं नाही.

इन्स्पेक्टर उद्या येतील असं तुम्ही धरून चाललाय. ते आज सकाळीच येऊन गेले, तुम्ही बाहेर होतात. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

आईला आधी विचारलं होतं. ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "भाऊ माझा आहे, पण बोटं लंबूची गेली. सांग." आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करतो. तोवर वर येऊ नका. तुम्हाला बघून आईला रडू येईल, आणि ते तुम्हाला दिसावं असं मला वाटत नाही.

तुमच्या बहिणीचा मुलगा