चाळीस मिनिटांत न बोललेलं वाक्य

पनवेल,
सोमवार, ९ मार्च २०२६

आदरणीय दाऊद मास्तर,

सलाम. अकरा वर्षं आपल्या संवाद मंडळाच्या व्यासपीठावर मी सलाम म्हणत आले आणि तुम्ही नमस्कार. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. आज समोर कोणी नाही, तरी सलामच लिहिते.

रोजे कसे चाललेत? उन्हं यंदा लवकर तापली. तुमचा खोकला गेला का? कीर्तीची बँकेतली बदली टळली, लेक सध्या तरी माझ्याजवळच आहे. माझी साखर वाढली, डॉक्टरांनी गोळी बदलली. सकाळी वडाळे तलावावर फिरायला जाते, पण तुम्ही बसता त्या बाकाच्या अलीकडूनच वळते.

असं मी पानंच्या पानं लिहू शकते. बोलण्यावरच तर आयुष्य काढलं.

शुक्रवारी नमाजनंतर तुमच्या जमातीची बैठक आहे आणि कब्रस्तान कमिटीच्या सेक्रेटरीपदावरून तुम्हाला काढायचं घाटतंय, हे मला मोहल्ल्यातल्या किराणावाल्याकडून कळलं. म्हणाला, "मास्तरला कोणी सांगितला होता पराया मुर्दा उचलायला? अब भुगतो." त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं. मी अर्धा किलो रवा घेतला आणि घरी आले.

त्या मंगळवारची गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मला ती एकदा खरी लिहायची आहे, कारण सभेत मी ती फार सुंदर सांगितली.

पाताळगंगेकाठच्या कातकरी वाडीवर भीमाबाई सकाळी गेली. त्यांच्यात पुरतात. पुरायची पिढीजात जागा एका फार्महाऊसवाल्यानं तारेच्या कुंपणात घेतलेली. शेजारच्या गावचे म्हणाले, आमच्या स्मशानात पुरायची पद्धत नाही, मीटिंग घेऊन कळवतो. तिचा मुलगा महादेव दुपारपर्यंत आईवरच्या माश्या वारत बसला. मग मास्तर आले. तोंडात पाण्याचा थेंब नसताना कब्रस्तानाच्या भिंतीबाहेरच्या ट्रस्टच्या पडीक जागेत त्यांनी स्वतः कुदळ मारली. महादेवच्या माणसांनी आपल्या रीतीनं सगळं केलं. मास्तर आणि त्यांची दोन माणसं लांब उभी राहिली.

"मग मास्तर आले." सभेत मी अगदी असंच म्हटलं होतं. आताही तसंच लिहून गेले, पाहिलंत ना?

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरायला लागलं की आदिवासी म्हातारीला बाटवून पुरली. पोलिसांनी तुम्हाला दोनदा बोलावलं. आपल्या मंडळानं शांतता सभा ठेवली आणि मुख्य वक्ता अर्थातच मी. चिरनेरचा जंगल सत्याग्रह काढला, संतवचनं काढली, रोज्याचा अर्थ सांगितला. सभागृह माझ्या मुठीत होतं. तेवढ्यात तो शैलेश उभा राहिला.

"ताई, बाकी ठीक आहे हो. पण मास्तरांना तिकडे बोलावलं कोणी? की वासावर आले?"

लोक हसले. थोडे नाही, पुष्कळ हसले. तुम्ही पहिल्या रांगेत होतात आणि खाली चपलांकडे बघत होतात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मला अवघडायला नको म्हणून, हे कळण्याइतकी मी तुम्हाला ओळखते.

आणि मी म्हणाले, "माणुसकीला आमंत्रण लागत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मास्तर, आमंत्रण होतं. अडीच वाजता वाडीवरच्या आंब्याखाली उभी राहून मी तुम्हाला फोन केला होता. जागा मी सुचवली होती. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "बाई, उचलायला माणसं किती आहेत?"

मला जिवाची भीती नव्हती. कोणी मला हात लावला नसता. मी बोलावलं म्हटलं असतं, तर ते हसू माझ्याकडे वळलं असतं, एवढीच भीती. तीस वर्षांत माझ्या सभेत मला कोणी हसलेलं नाही.

जिन्यात महादेवनं गाठलं. "ताई, भाषान बेस झाला. पन मास्तरला फोन तुमीच केलता ना? ता नाय सांगला?"

"अरे, वेळ नव्हता."

"हां," तो म्हणाला. "चालीस मिनटाच व्हती."

धर्म दुबळ्याशेजारी उभं राहायची ताकद देतो, असं मी गावोगाव सांगत आले. तुमच्या धर्मानं ती तुम्हाला दिली. माझ्यानंही मला कमी दिली नव्हती. मी ती टाळ्यांवर उधळली. बघा, पुन्हा वाक्य जमलं. खोडत नाही. माझा आजार तुम्हाला दिसू दे.

तरीही मी गप्पच राहिले असते कदाचित. काल फातिमाभाभींचा फोन आला. "विनिता, पोलिसांत हे बोलले की मला वाटेत कळलं, कोणी बोलावलं नाही. रोजे में झूठ बोले, तेरे वास्ते. चाळीस वर्षांत मी ह्यांना खोटं बोलताना नाही पाहिलं." आणि ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. फोन मी केला, जागा मी सुचवली, कोणाचा धर्म बदलला नाही. हवालदार वाचून म्हणाला, "मॅडम, मास्तर तर म्हणतात कोणी बोलावलंच नाही. म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय?"

याचा मी विचारच केला नव्हता. माझं खरं बोलणंही तुमच्यावरच येऊन पडलं.

उद्या ते तुम्हाला पुन्हा बोलावतील. शुक्रवारी मी मशिदीबाहेर उभी राहीन. जमातीनं विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तरी परत येताना कोणाला तरी सांगूनच येईन. कीर्ती म्हणते, "आई, तिथे भाषण नको हं करूस." नाही करणार.

माफी मागत नाही. तुम्ही लगेच द्याल आणि मला ती घेववणार नाही. मागणं एकच आहे. माझ्यासाठी जे खोटं बोललात, ते उद्या मागे घ्या. मला सांभाळू नका, मास्तर. साहेबांनी विचारलं की माझं नाव सांगा, आडनावासकट, मोठ्यानं.

जिचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, ती
विनिता