गृहभेटीचा सोफा

३ जून, सकाळी
आमच्या चिमीला समाजकार्याच्या पदवीला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी पंचवीस तारखेपर्यंत भरायची, नाहीतर जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलीला जाणार. सौ. म्हणाली, स्कूटर विका. इतक्यात कशाला? फीचं माझ्यावर सोड म्हणालो. तिने विचारलं, नक्की ना? बावीस वर्षं फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. खुर्ची बघायला आलेला माणूस माझ्याकडून कपाट घेऊन जातो. एक फी ती काय.

५ जून
कॉलेजच्या फी-खिडकीवर गेलो. मुद्दा साधा. समाजाची सेवाच करायची, तर शिकायला पैसे कसले? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, काका, आम्हालाही पगार लागतो. रोख भरली तर किती टक्के सूट, विचारलं. नाही. तिन्ही वर्षं एकदम घेतली तर? नाही. गेल्या वर्षीचा अभ्यासक्रम स्वस्तात निघेल का? मागची पोरं हसायला लागली. चिमी रांग सोडून पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभी राहिली. तहान लागली असावी.

६ जून
संकल्प: बाहेरचा चहा बंद. शोरूमचा फुकटचा प्यायचा. फीला हातभार.
संध्याकाळी. संकल्प ऐकून मेहुणा खूश झाला. त्याला बाहेर नेऊन चहा पाजला.

९ जून
गरजू मुलांची फी भरणारी एक संस्था चिमीने शोधली. अर्जही तिनेच केला. संस्थेच्या बाई शनिवारी घरी येऊन परिस्थिती बघणार. ह्याला गृहभेट म्हणतात. चिमी म्हणाली, बाबा, घर आहे तसंच राहू द्या, प्लीज. पोर अजून लहान आहे. डिस्प्लेशिवाय कधी काही खपलंय?

शुक्रवार, १३ जून
शोरूममधला निळा मखमली सोफा मेहुण्याच्या टेम्पोतून आणला. तो एका डॉक्टरांना विकला गेलाय, डिलिव्हरी रविवारी. मध्ये दोन दिवस आमच्याकडे राहिला तर कुणाचं काय जातंय? शेठना उगाच कशाला त्रास द्यायचा, म्हणून सांगितलं नाही.
सोफा दारातून आत जाईना. दार काढलं. सोफा आला, पण आता दार परत लावायला सोफा मध्ये येतो. दार न्हाणीघरात उभं केलंय. आंघोळी उद्यापर्यंत रद्द.
सौ. म्हणाली, अहो, आपल्याला मदत मागायची आहे ना? मी म्हणालो, मदतसुद्धा लोक चांगलं घर बघूनच करतात. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

१४ जून
गृहभेट झकास झाली. बाई साठीच्या, कापडी बूट, बोलणं कमी. त्यांना सोफ्यावर बसवलं. प्लॅस्टिक काढलं नव्हतं, त्यामुळे त्या दोनदा घसरल्या. सौ. आणि चिमी सवयीने खालीच बसल्या. बाईंनी विचारलं, तुमच्या घराला दार नाही का? मी म्हणालो, आमचं घर सगळ्यांना उघडं असतं. जागच्या जागी सुचलं.
उत्पन्नाचं विचारलं. म्हणालो, काही कमी नाही. चिमीने डोळे मिटले. बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्यांकडून आम्ही देणगी घेतो. यंदा एक दाता कमी पडतोय. एका मुलीची वर्षाची फी द्याल का? ऊर भरून आला. मी म्हणालो, आनंदाने. सौ.च्या हातातला चहा सोफ्यावर सांडला.
संध्याकाळी. सौ. बोलत नाही. चिमी रडतेय. नेमकं काय बिनसलं, कळायला मार्ग नाही.

१६ जून
डॉक्टरांनी सोफा परत पाठवला. चहाचा डाग. ते डिझाइन आहे, असं म्हणून बघितलं. शेठ म्हणाले, गिऱ्हाइकाशी बोलायचं ते माझ्याशी बोलू नकोस. अर्धा पगार कापणार.
दार बसवलं. उलटं बसलं. आता बाहेर उघडतं. हवेशीर.

१७ जून
संस्थेतून बाईंचा फोन. देणगी कधी देताय? नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, साहेब, तुमच्यासारखी मोठ्या मनाची माणसं फार थोडी. बावीस वर्षं मी लोकांना साहेब म्हणतोय. मला म्हणणारं हे पहिलं माणूस. म्हणालो, उद्याच.

१८ जून
स्कूटर विकली. सगळे पैसे संस्थेत भरले. घरी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलीये. सौ.ने मान डोलावली. विचारलंसुद्धा नाही. बायकोचा असा विश्वास हवा.

२२ जून
शेठकडे उचल मागितली. त्यांनी सोफ्याकडे बोट दाखवलं. मेहुण्याकडे मागितली, त्याने टेम्पोचं भाडं मागितलं. चिमी गाणं गुणगुणत कॉलेजची बॅग धुतेय. धक्क्याने डोक्यावर परिणाम झाला असावा. परक्या मुलीची फी भरली आणि घरच्या मुलीची राहिली. न्हाणीघरात जाऊन रडलो. दार तिथे नाही, त्यामुळे जागा पुष्कळ आहे.

२४ जून
संस्थेचा कार्यक्रम. दात्यांनी आपल्या हाताने मुलींना फीचं पाकीट द्यायचं. पहिल्या रांगेत बसलो. माझं नाव पुकारलं, मग मुलीचं. स्टेजवर चिमी आली.
टाळ्या वाजत होत्या, म्हणून पाकीट दिलं. नंतर बाईंना एका बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, गृहभेटीच्या दुसऱ्याच दिवशी चिमी आणि तिची आई येऊन सगळं खरं सांगून गेल्या. ते ऐकून तिला मदत मंजूर झाली, पण दात्याची जागा रिकामी होती. तेव्हा चिमीच म्हणाली, बाबा घरासाठी स्कूटर विकणार नाहीत, बाहेर मान मिळत असेल तर विकतील. फोनवर साहेब म्हणा, हेही तिनेच सुचवलं.
पोरगी कोर्सला जायच्या आधीच शिकून तयार आहे. मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि अभिमानही वाटला. अभिमानच जास्त.

२५ जून
फी भरली. म्हणजे हिशेब सरळ आहे, फी मीच भरली. तीन तारखेपासून हेच सांगत होतो.
खिडकीतल्या बाईंनी पालकांची सही मागितली. मी पेन काढून पुढे झालो. चिमीने आईला पुढे केलं. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, बाबा, तुम्ही देणगीदार.
चालत घरी आलो.