आंब्याखालची कुटकी

२९ जून
पाऊस जमला. मागच्या परसात आंब्याजवळ कुटकी पेरली. शांता मार्चमध्ये वारली, तेव्हापासून बियाण्याचा भोपळ्याचा तुंबा खुंटीलाच होता. सगळा रिकामा केला. दरसाल तीच पेरायची. मी फक्त कुटकीचा भात खायचो.

७ जुलै
उगवली. सकाळी आंब्याची सावली. दुपारनंतर शेजारच्या वसंतभाऊंच्या बुटक्या भिंतीवरून ऊन येतं, तेवढंच.

१३ जुलै
धानोऱ्याकडून साळ्याचा फोन. "आमच्या इकडं कोणी पेरत नाई आता, सारा धानच. शांताबाईचंच बी राह्यलं. थोडं ठेवलं न, भाऊजी?"
हो म्हटलं. का म्हटलं कोणास ठाऊक.

२ ऑगस्ट
निंदण. सावलीतली रोपं बारीक, पिवळट. आंब्याची खालची फांदी तोडली. वसंतभाऊ भिंतीपलीकडून, "भाऊ, गवत काऊन पोसून राह्यले? गाय आणता का?"
हसलो. काय आहे ते सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट
पलीकडे विटा उतरल्या. माकडं फार झाली म्हणून वसंतभाऊ भिंत डोक्याच्या वर नेणार. मग इकडे ऊन नाहीच. कुटकी आता कुठे पोटरीत आहे, लोंब्या निघायच्या आहेत.

२५ ऑगस्ट
थांबा म्हणून सांगायला गेलो. चहा घेतला, माकडांबद्दल बोललो, परत आलो. शां. असती तर इथूनच ओरडून मोकळी झाली असती.

३० ऑगस्ट
पावसामुळे मिस्त्री आला नाही. भिंतीकडच्या ओळीत लोंब्या निघाल्या. आंब्याकडे अजून नाहीत.

६ सप्टेंबर
उघडीप. सकाळीच पलीकडे फावड्याचा आवाज, माल कालवत होते. तसाच अनवाणी गेलो.
"वसंतभाऊ, भिंत महिनाभर थांबवता का?"
"कायले?"
"कुटकी पिकायची आहे. शांताचं बी आहे. दुसरं नाई."
बोलताना आवाज चढला असावा. मिस्त्री वळून पाहू लागला.
"मंग आधी तं सांगाचं, भाऊ! याले आज सोडलं तं दिवाळीपर्यंत हाती लागत नाई हा."
"नाई लागत," मिस्त्री म्हणाला.
वसंतभाऊ बायकोला विचारायला आत गेले. मिस्त्रीने घमेलं पालथं घालून विडी पेटवली. थोडा वेळ मीही विटांवर बसलो, मग घरी आलो.
भात टाकला, जेवलो. पलीकडे मिस्त्रीची थापी अजून वाजली नाही.