दीड हात रस्त्यावर

ती. स्व. दादांना,

धाकट्या तामोत्सूचा वाकून नमस्कार. परवाचा गडगडाट ऐकलात ना? म्हणजे थंडीतल्या गडगडाटामागून येणारी ती 'बुरी' जातीची मासळी किनाऱ्याला लागली म्हणायची. इकडे थंडी पडली आहे, तिकडेही पडली असेल (मधे एक पूल आणि चार भातखाचरं, तेव्हा फार फरक नसावा). गुडघा काय म्हणतो? लोणच्याचे मुळे वाळत टांगलेत का? एवढ्याशा अंतरावर पत्र कसलं पाठवतो, असं म्हणाल. पण मार्चपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि दारात आलो की आतल्या टीव्हीचा आवाज वाढतो. पत्रावर टीव्ही मोठा करता येत नाही, म्हणून हा मार्ग.

निवृत्त झाल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. पाणीखात्यात सदतीस वर्षं लोकांच्या नळांची मीटरं बघितली, आता घरातला एकच नळ दिवसातून वीसदा बघतो. शेवटी चिझुरू म्हणाली, "एक तर तुम्ही बाहेर पडा, नाहीतर मी पडते." तोडगा असा निघाला की दोघांनीही पडायचं, पण घर बरोबर घेऊन. म्हणजे कॅम्पिंगची गाडी घ्यायची. इथवर एकमत. कोणती घ्यायची, यात सात रविवार गेले. चिझुरूला छोटी हवी, बाजाराच्या गल्लीत शिरणारी. तिच्यात मी आडवा झालो तर पाय भांडी घासायच्या जागेत जातात (ती म्हणते, तेवढेच धुतले जातील). आमच्या कानाएला न्हाणीघर असलेलीच हवी, आणि ही सत्तावीस वर्षांची मुलगी आमच्याबरोबर पुलापलीकडेसुद्धा यायची नाही. मला ट्रकवर बांधलेली मोठी, टपावर बिछाना असलेली हवी. रविवारी सकाळी छोटीला हो म्हणायचो, दुपारी मोठीला, आणि संध्याकाळी टेप घेऊन पुन्हा अंगणात.

शेवटी म्हटलं, आखूनच बघू. कपडे वाळत घालायच्या काठ्या आणि दोरी घेऊन मोठ्या गाडीचा आकार जमिनीवर मांडला, आत उशा टाकल्या, चहाचा थर्मास ठेवला आणि तिघंही गुडघे मुडपून बसलो. तेवढ्यात शेजारच्या ओगुशीबाई आळीची सूचनांची वही घेऊन आल्या. दोरीपाशी थबकल्या. "आत येऊ का?" म्हणाल्या. बूट काढून दोरीबाहेर नीट वळवून ठेवले, मान वाकवून (दार कुठे होतं? पण असतं तर ठेंगणंच असतं, हे त्यांनी ओळखलं) आत आल्या, चहा घेतला, "प्रशस्त आहे हो," म्हणाल्या. जायला निघाल्या तर एक बूट मासेवाल्याच्या सायकलखाली चेपलेला. बूट रस्त्यावर होते. म्हणजे आमची गाडीच दीड हात रस्त्यावर! (आखताना मला दिसलं होतं, पण मी गप्प बसलो.) आता गाडी उभी करायच्या जागेचा दाखला नसेल तर गाडी नावावर होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. पोलीसठाण्याचा माणूस येतो तो माझ्यासारखाच टेप घेऊन. जागा घरात नसली तरी घरापासून दोन किलोमीटरच्या आत दाखवावी लागते, आणि ती आणायची कुठून? तेव्हा सगळा बेत बारगळला आहे. काळजी नसावी, आम्ही कुठेही जात नाही.

मार्चबद्दल लिहायचं नव्हतं, पण लेखणी तिकडेच जाते आहे. तुम्हाला लायसन्स परत करायला लावलं ते मीच. मासळीचा ट्रक चाळीस वर्षं ओसाकाला नेऊन ज्याने कधी ओरखडा उठू दिला नाही, तो माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टपालपेटीवर टेंपो घालतो, तेव्हा कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण मी चार शेजाऱ्यांदेखत बोललो, मीटर बंद पाडायला आल्यासारखा. बोललो ते बरोबर होतं दादा, बोललो तसं बोलायला नको होतं. सायकलने तुमच्या घरावरून जातो, तेव्हा टेंपोच्या रिकाम्या जागेत स्टूल टाकून तुम्ही रस्त्याकडे बघत बसलेले दिसता. मी मान खाली घालून पुढे जातो आणि पुलापर्यंत मला चैन पडत नाही.

थंडीचे जपून राहा. चिझुरूचा नमस्कार.

आपला,
तामोत्सु

ता.क. बेत बारगळला लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. तुमची टेंपोची जागा मी मापली आहे (तुम्ही सार्वजनिक स्नानगृहात गेला होतात). मोठी गाडी बसून हातभर उरते. आपल्या दोन घरांतलं अंतर सरळ रेषेत एक किलोमीटर सातशे मीटर. संमतीचा कागद सोबत आहे, खाली सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का मारा. सरळ मारा, वडिलांच्या कागदावर उलटा मारला होतात.

आणखी ता.क. गाडी मंगळवारीच ठरवून आलो, मोठीच. चिझुरूला अजून सांगितलेलं नाही. तिचा फोन तुम्ही उचलता हे मला माहीत आहे, तेव्हा कृपा करून बोलू नका. खालच्या बिछान्याला शिडी लागत नाही, गुडघ्याला सोयीचा आहे.

शेवटचं. दुकानाच्या पटांगणात मला ती मागे घेता आली नाही. तीनदा एकाच खांबाला टेकवली. कानाए मागे उभी राहिली की मोबाइलमध्ये बघते, आणि चिझुरू डोळे मिटून घेते. दुकानदार म्हणाला, "काका, मागे एखादा जाणता माणूस उभा करा हो." होक्काइदोपर्यंत जायचं आहे, रोज कुठे ना कुठे मागे घ्यावी लागणार. मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे, बास" म्हणायला लायसन्स लागत नाही. ठाण्यात विचारून आलो आहे.